‘अर्थवर्म जिम थ्रीडी’: ‘विनोद चांगला, खेळ वाईट’ हा निकाल बरोबर होता का?

तिफण (दारव्हा, यवतमाळ)

सोयाबीन घरात आल्यावर ज्या मोकळ्या रात्री मिळाल्या, त्यांत मी ‘अर्थवर्म जिम थ्रीडी’ हा १९९९ सालचा खेळ संगणकावर शेवटपर्यंत खेळलो आणि नंतर त्या काळी त्यावर आलेली परीक्षणे मुद्दाम शोधून वाचली. निन्टेन्डो ६४ या खेळयंत्रावरच्या आवृत्तीला संमिश्र, म्हणजे बरेवाईट असे दोन्ही शेरे मिळाले होते आणि संगणकावरच्या आवृत्तीच्या वाट्याला बहुतेक नाराजीच आली होती. पण अनेक परीक्षणांचा सूर सारखाच आहे. कल्पना भन्नाट आहेत आणि विनोद चांगला आहे, मात्र कॅमेरा छळतो आणि जिमवर ताबा राहत नाही, असे ते म्हणतात. म्हणजे विनोदाचे गुण वेगळे आणि खेळाचे गुण वेगळे. माझा आक्षेप या वाटणीलाच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. मूळ ‘अर्थवर्म जिम’ १९९४ मध्ये शायनी एंटरटेनमेंटने सेगा मेगा ड्राइव्ह या खेळयंत्रासाठी काढला. डेव्हिड पेरी त्या चमूचे प्रमुख होते, आणि जिम ही कल्पना डग टेननेपल यांची असून त्याला आवाजही त्यांनीच दिला होता. अंतराळातून हरवलेला एक पोशाख एका साध्या गांडुळावर येऊन पडतो, त्या पोशाखामुळे गांडुळाला हातपाय मिळतात आणि ते बंदूक घेऊन उड्या मारत निघते. वेळ पडली तर स्वतःचे डोके चाबकासारखे ओढून शत्रूला हाणते. हा खेळ बाजूने दिसणारा, सपाट होता. पुढचा थ्रीडी भाग मात्र शायनीने केला नाही. तो स्कॉटलंडमधल्या व्हीआयएस इंटरअॅक्टिव्हने केला. त्यात जिमच्या अंगावर गाय पडते, तो बेशुद्ध होतो आणि स्वतःच्याच मेंदूत अडकतो. स्मृती, आनंद, भीती आणि कल्पना अशा त्या मेंदूच्या चार भागांत त्याला सोन्याच्या कासा आणि हिरव्या गोट्या गोळा कराव्या लागतात.

आता मुद्द्यावर येतो. विनोद वेळेवर पडावा लागतो, हे गावातल्या गोष्टी सांगणाऱ्या कोणत्याही म्हाताऱ्याला ठाऊक असते. सपाट खेळात चौकट बनवणाऱ्याच्या हातात असते. खेळणाऱ्याला काय, केव्हा आणि किती दिसेल हे त्याने आधीच ठरवलेले असते. थ्रीडी खेळात कॅमेरा भिंतीमागे गेला की समोर उभी केलेली गंमत दिसतच नाही, दिसते ती जिमची पाठ. मी भीतीच्या भागात एका कड्यावर सात वेळा पडलो आणि सातही वेळा जिमची तीच ती टिप्पणी ऐकली. पहिल्यांदा मला हसू आले. सातव्यांदा मी आवाज बंद केला, आणि आवाज बंद करणाऱ्या माणसाजवळ ‘विनोद चांगला आहे’ असे म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. या खेळाचा कॅमेरा वाईट आहे म्हणजेच त्याचा विनोद वाईट आहे. परीक्षकांनी एकाच दोषाला दोन रकाने केले आणि एका रकान्यात त्याला उत्तीर्ण करून टाकले.

पांदणरस्ता (आर्वी, वर्धा)

तिफण भाऊ, आपले लिखाण आवडले, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. परीक्षण हे शेवटी गिऱ्हाइकासाठी लिहिलेले असते. बैल विकत घेताना आपण दात वेगळे पाहतो, चाल वेगळी पाहतो आणि स्वभावाची चौकशी वेगळी करतो. चाल बिघडलेली आहे म्हणून दातही वाईट आहेत असे कोणी म्हणत नाही. परीक्षकाने सांगितले की कल्पना चांगली आहे आणि हाताळणी वाईट आहे, तर वाचणाऱ्याला हे कळते की हाताळणीचा त्रास सोसण्याची तयारी असेल तर आत काहीतरी मिळेल. मला ते मिळाले. प्रत्येक भागाच्या शेवटी डुकरावर उभे राहून सरपटत जी लढाई लढावी लागते, तिचा मला अनेकदा संताप आला, तरी ती कल्पना आठवली की आजही हसू येते. हाताळणी वाईट म्हणून विनोद वाईट ठरत असेल, तर मला हे हसू का येते, याचे उत्तर आपण द्यावे.

दुसरी गोष्ट अशी की आपण १९९४ च्या खेळाला फार उंचावर बसवत आहात. त्या खेळात पाण्याखालच्या बोगद्यातून काचेची पाणबुडी चालवायची एक फेरी आहे. हवा संपण्याचे आकडे उलटे धावत असतात, पाणबुडी एकदा सरकली की थांबत नाही आणि प्रत्येक धडकेला काच तडकते. त्या फेरीने मला जेवढे रडवले तेवढे थ्रीडीतल्या एकाही कड्याने रडवले नाही. पीटर नावाच्या पिल्लाला सांभाळून पलीकडे न्यायची फेरी तर आणखी वाईट आहे, कारण ते पिल्लू पडले की राक्षस बनून आपल्यालाच बदडते. हे दोष त्या काळी खपून गेले, कारण चित्रे सुंदर होती आणि तसे काही कोणी पाहिलेले नव्हते. पाच वर्षांनी ‘सुपर मारिओ ६४’ आणि ‘बँजो-कझूई’ हे गाजलेले थ्रीडी खेळ येऊन गेले होते, लोकांची नजर तयार झाली होती, आणि जिमला त्या नजरेसमोर उभे राहावे लागले. ‘संमिश्र’ या शब्दात हा उशीर बराचसा दडलेला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

झाडीतला (सिंदेवाही, चंद्रपूर)

तिफण दादांचे एक विधान मला खटकले. चौकट हातातून गेली की विनोद गेला, असे ते म्हणतात. आमच्या झाडीपट्टीत खडी गंमत बघितलेला माणूस हे मान्य करणार नाही. खडी गंमतीत कलावंत मधे उभे असतात आणि माणसे भोवती बसलेली असतात. सोंगाड्याची पाठ सदा कोणाकडे तरी असतेच. तरीही रात्री दोन वाजता सगळे वर्तुळ एकदम हसते, कारण तो पाठीनेही बोलतो, नेमक्या शब्दाला वळतो, आणि चेहरा न दिसलेल्या माणसाला समोरच्या माणसांच्या चेहऱ्यावरून कळते की काय झाले. चारही बाजूंनी पाहिले जाणे ही अडचण आहे, पण ती सोडवता येते, आणि ज्याला ती सोडवता येत नाही त्याने तो दोष वर्तुळाला देऊ नये.

पुरावा खेळांतलाच देतो. निन्टेन्डो ६४ याच यंत्रावर २००१ मध्ये ‘काँकर्स बॅड फर डे’ आला. तोही थ्रीडी आहे आणि तोही प्राण्यांचा व्यंगचित्री खेळ आहे. त्यातला चावटपणा लहान मुलांसमोर लावण्याजोगा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याच्या विनोदाची आणि एकूण खेळाचीही परीक्षकांनी भरभरून वाखाणणी केली. यंत्र तेच होते आणि त्याच्या मर्यादाही त्याच होत्या. त्या यंत्रात पृष्ठभागावरच्या चित्रांसाठी असलेली जलद स्मृती अवघी ४ किलोबाइट होती, त्यामुळे जवळून पाहिलेले सगळे धूसर दिसायचे. तरीही काँकरच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसतो, किळस दिसते, लबाडी दिसते. जिमच्या चेहऱ्यावर थ्रीडीत मला एकच भाव दिसला. म्हणून माझ्या मते परीक्षकांनी कॅमेऱ्यावर जेवढी शाई खर्च केली, तिच्यातली निम्मी अभिनयावर करायला हवी होती.

कालवड (मोर्शी, अमरावती)

मी हा खेळ माझ्या भावाच्या शेजारी बसून पाहिला आहे, स्वतः फार थोडा खेळले आहे. पण घरी चार गाई असल्यामुळे गाईविषयी बोलण्याचा माझा हक्क आहे असे मी समजते.

मूळ खेळाच्या पहिल्याच फेरीत, भंगाराच्या ढिगात, एका फळीच्या टोकावर गाय उभी असते. वर टांगलेला फ्रिज पाडला की तो फळीच्या दुसऱ्या टोकावर आदळतो आणि गाय आकाशात उडून जाते. ती गाय आपण विसरून जातो. अनेक फेऱ्यांनंतर, सगळे शत्रू हरवून जिम राजकन्येजवळ पोहोचतो, आणि त्या क्षणी ती गाय वरून येऊन राजकन्येवर पडते. मी आणि माझा भाऊ तेव्हा एवढे हसलो होतो की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या हसण्यामागे पूर्ण खेळाची मेहनत होती. आपणच उडवलेली गाय आपल्याच शेवटावर पडली होती.

थ्रीडीत ही गाय आधीच पडते. गोष्ट सुरू व्हावी म्हणून पडते. जो शेवटचा फटका होता तो त्यांनी सुरुवातीचे निमित्त करून टाकला. याला कॅमेऱ्याचा दोष म्हणता येणार नाही आणि यंत्राचाही नाही. ज्यांनी हा खेळ पुढे नेला त्यांना आधीचा विनोद नेमका कुठे होता हे उमगले नव्हते. त्यांना वाटले की गाय हाच विनोद आहे. म्हणून मग सोन्याच्या कासा आल्या, डुकरे आली, जनावरांची गर्दी झाली. कास गोळा करण्याने माझ्या भावना दुखावल्या नाहीत, हेही सांगते. फक्त त्यात हसण्यासारखे काय आहे ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

आणखी एक बाब त्या परीक्षणांत येणे शक्यच नव्हते. हिरव्या गोट्या कशाला गोळा करायच्या, हे कोडे मला दोन वर्षे सुटले नव्हते. इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाविषयी ‘त्याच्या गोट्या हरवल्या’ अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे, हे मला महाविद्यालयात कळले, आणि तेव्हा कुठे समजले की जिम हरवलेली अक्कल वेचत फिरत होता. आम्ही लहानपणी अंगणात कंचे खेळलो, ते जिंकले आणि हरलोही, पण ‘याचे कंचे हरवले’ म्हणून कोणाला वेडे ठरवले नाही. ज्या परीक्षकांनी विनोदाला चांगले गुण दिले त्यांना ही खूण घरबसल्या मिळालेली होती. मोर्शीत बसून खेळणाऱ्याला त्या खेळात विनोद म्हणून जे उरते ते फक्त हालचालीतले, आणि तिथेच तो लंगडा आहे. म्हणून मी तिफण दादांच्या बाजूने आहे, कारण माझे वेगळे असले तरी.

तिफण (दारव्हा, यवतमाळ)

सर्वांचे आभार. झाडीतला यांचे म्हणणे मला पटले आणि माझे विधान मी दुरुस्त करतो. दोष थ्रीडीचा नाही. कालवड ताईंनी गाईचे जे सांगितले ते माझ्या लक्षात आले नव्हते, आणि या धाग्यातला तो सर्वांत मोलाचा मुद्दा आहे असे मी मानतो.

पांदणरस्ता भाऊंनी काचेच्या पाणबुडीचा दाखला दिला, त्यावर मात्र मी माघार घेणार नाही. ती फेरी अवघड आहे हे खरेच आहे. पण तिथे काय घडते ते आठवून पाहा. जिम काचेच्या गोळ्यात बसलेला आहे, पहिल्या धडकेला काचेवर एक बारीक रेघ उमटते, दुसऱ्या धडकेला तिला फांद्या फुटतात, आणि आपण दात आवळून त्या रेघेकडे पाहत राहतो. हाताळणी निसरडी आहे ती मुद्दाम, आणि तिचा परिणाम आपल्या डोळ्यांसमोर दिसतो. त्रास हाच तिथे विनोदाचा कच्चा माल आहे. थ्रीडीतल्या कड्यावरून मी पडलो तेव्हा मला कडाच दिसला नव्हता. एका ठिकाणी मी माझ्या चुकीवर हसलो आणि दुसऱ्या ठिकाणी चूक कोणाची हेच कळले नाही.

अभिनयाविषयी एक निरीक्षण सांगतो, जे या आठवड्यातच सुचले. आमच्याकडे गोठ्यामागे गांडूळ खताचा वाफा आहे. ओले बारदान उचलले की तांबूस गांडुळे उजेडापासून पळतात, आणि त्यांची चाल जवळून पाहण्यासारखी असते. पुढचा भाग ताणून सुतासारखा बारीक होतो, तिथेच रोवला जातो, आणि मग मागचा सगळा देह जाड होत पुढे ओढला जातो. व्यंगचित्रपट काढणारे ज्याला ताणणे आणि दबणे म्हणतात, त्याहून गांडुळाची चाल वेगळी नाही. १९९४ च्या जिमची चित्रे हाताने काढलेली होती. पडद्यावर एका वेळी फक्त ६४ रंग दाखवू शकणाऱ्या यंत्रावर त्या चित्रकारांनी ही चाल नेमकी पकडली होती. जिम स्वस्थ उभा असला तरी त्याची मान वळवळत असते. थ्रीडीतला जिम नळासारखा वाकतो, बारीक होत नाही आणि जाडही होत नाही. त्याच्यात गांडूळ राहिलेले नाही. परीक्षकांनी ‘जिमवर ताबा राहत नाही’ असे लिहिले तेव्हा त्यांना बोटांना जाणवलेला दोष बरोबर सापडला होता. पण हाच दोष विनोदातही आहे, हे त्यांनी लिहिले नाही.

पांदणरस्ता (आर्वी, वर्धा)

पाणबुडीबद्दल आपले म्हणणे मी मान्य करतो. बाकी माझे मत कायम आहे, आणि त्यासाठी २०१० चा दाखला देतो. त्या वर्षी गेमलॉफ्ट या कंपनीने मूळ खेळ नव्या, स्वच्छ चित्रांत पुन्हा काढला. आराखडा बहुतांशी तोच होता, गायही तीच होती आणि फळीही तीच. म्हणजे आपण आणि ताई जे म्हणता ते सगळे तिथे शाबूत होते. तरी १९९४ मध्ये त्या खेळाने जी खळबळ उडवली होती ती पुन्हा उडाली नाही. विनोद तोच असताना स्वागत बदलत असेल, तर काळ आणि तुलना यांना परीक्षणात वेगळा रकाना द्यावाच लागतो. आपण तो २०१० चा खेळ याच हंगामात खेळून पाहा आणि गाय पडते तेव्हा पूर्वीइतके हसू येते का, ते इथेच लिहा. मी वाट पाहतो.

कालवड (मोर्शी, अमरावती)

दादा, तो मी खेळले आहे. गाय कुठून येणार हे ठाऊक असल्यामुळे मी शेवटची अख्खी फेरी वर बघत खेळले, आणि ती पडली तेव्हा हसले. आई या वेळी बाहेर आली नाही, एवढाच काय तो फरक.