‘क्राइम फिल्म’ : गुन्हेपट, गुन्हेगारीपट की अपराधपट?

मूळ प्रश्न (सातारा)

आमच्या फिल्म क्लबात पुढचे चार महिने दर महिन्याला एक, असे चार चित्रपट दाखवायचे ठरलंय : ‘एम’ (१९३१), ‘राशोमोन’ (१९५०), ‘व्हर्टिगो’ (१९५८) आणि ‘द गॉडफादर’ (१९७२). प्रत्येकाचं एक पानी मराठी परिचयपत्रक मी लिहायचं आहे. मालिकेला मी नाव सुचवलं होतं, ‘जगातले सर्वश्रेष्ठ गुन्हेपट’. बैठकीत दोन्ही शब्दांवर हरकत आली. एकांचं म्हणणं, गुन्हेपट कानाला खटकतो, रहस्यपट म्हणा. पण ‘गॉडफादर’मध्ये रहस्य कुठलं? कोण कोणाला का मारतंय हे आपल्याला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. दुसऱ्यांनी थरारपट सुचवला. त्यात पाहणाऱ्याला काय होतं ते कळतं, पडद्यावर काय घडतं ते कळत नाही. ‘सर्वश्रेष्ठ’वर तर तासभर गेला. मला पत्रक छापायला देण्याआधी शब्द पक्के करायचे आहेत.

डोंबिवली

ताई, क्राइम फिल्मच लिहा. सगळ्यांना कळतं. पोलीस ठाण्यातसुद्धा लोक ‘क्राइम ब्रँच’ म्हणतात.

सातारा

दादा, लोक ‘क्राइम ब्रँच’ म्हणतात हे खरं, पण बातमीत ‘गुन्हे शाखेने अटक केली’ असंच छापून येतं आणि ते कुणाला अडत नाही. माझी अडचण इंग्रजी शब्दाची नाहीच. हे चार चित्रपट एकाच नावाखाली बसत नाहीत असं मला वाटायला लागलंय. क्राइम फिल्म म्हटलं की चौघंही एका पोत्यात जातात.

कोल्हापूर

गुन्हेपट खटकतो तो सवय नाही म्हणून. ‘पट’ लावून शब्द करायची आपली रीत जुनी आहे. मूकपट, बोलपट, लघुपट, माहितीपट, अनुबोधपट, युद्धपट, भयपट, संतपट, तमाशापट. हाणामारीच्या चित्रपटांना आमच्या आजोबांच्या पिढीत देमारपट म्हणत, किती नेमका शब्द होता तो! बोलपट आणि दिग्दर्शक हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात. पण पट म्हणजे चित्र काढलेलं कापड, हा अर्थ त्याच्या कितीतरी आधीचा. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात पहिल्याच अंकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर फिरतो. पाप करणाऱ्याला यमाच्या दरबारी काय भोगावं लागतं त्याची चित्रं त्या कापडावर असत, आणि ती दाखवत गाणं म्हणत लोक भिक्षा मागत. हेर त्याच सोंगात एका घरात शिरतो आणि राक्षसाची मुद्रा, म्हणजे अंगठी, घेऊन परत येतो. हातात पाप आणि शिक्षेचा पट, आणि काम तपासाचं. तेव्हा ‘पट’ला गुन्ह्याचं वावडं आहे असं कुणी म्हणू नये.

नागपूर (निवृत्त वकील)

ताईंनी पोत्याचा मुद्दा काढला तो मला महत्त्वाचा वाटतो. मराठीत क्राइमला एक शब्द नाही, दोन आहेत, आणि त्यांची घरं वेगळी आहेत.

गुन्हा फारसीतून आला. मूळ गुनाह, अर्थ पाप. हिंदी-उर्दूत तो पापाचा अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत मात्र तो शब्द चावडीवर आणि कचेरीत राहिला आणि त्याचं पाप गळून पडलं. गुन्हा दाखल होतो, नोंदवला जातो, सिद्ध होतो, मागे घेतला जातो. फिर्यादीवर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, पडतो. म्हणजे गुन्ह्याला कागद लागतो.

अपराध संस्कृतातला. त्याला कागद लागत नाही, मन लागतं. अपराधीपणाची भावना, अपराधाची टोचणी. देवापुढे आपण ‘अपराध पोटात घाल’ म्हणतो, ‘गुन्हा पोटात घाल’ कुणी म्हणत नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगतो. कायद्याच्या अधिकृत मराठी अनुवादात अपराध हाच शब्द वापरलेला आहे. पण तो पुस्तकापुरता. माझ्या उभ्या कारकिर्दीत एकाही पक्षकाराने मला ‘माझ्यावर अपराध दाखल झालाय’ असं सांगितलं नाही.

सातारा

काका, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री पत्रकाचा पहिला मसुदा फाडला. आता असं दिसतंय.

‘राशोमोन’ हा गुन्ह्याचा चित्रपट. जंगलात एक सामुराई मेला, ही एक घटना. तिच्या चार हकिकती. आणि त्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की आरोप कुणी दुसऱ्यावर ढकलत नाही. दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको सुचवते की माझ्याच हातून झालं असावं, आणि मेलेला माणूस, मृतात्मा अंगात येणाऱ्या बाईच्या तोंडून, सांगतो की मी स्वतःच स्वतःला मारलं. एका मृत्यूच्या तीन कबुल्या. आपण कबुली आली की प्रकरण मिटलं समजतो, इथं कबुलीच प्रकरण वाढवते.

‘एम’ हा गुन्हेगाराचा. ‘व्हर्टिगो’त खून आहे, कारस्थान आहे, पण ते उलगडल्यावरही चित्रपट थांबत नाही, कारण त्याचा जीव नायक स्कॉटीच्या मनाला लागलेल्या टोचणीत आहे. एकदा आपल्यामुळे माणूस गेला, ही जाणीव त्याला सोडत नाही. तो अपराधपट.

आणि ‘गॉडफादर’ गुन्ह्याचाही नाही, गुन्हेगाराचाही नाही. तो गुन्हेगारीचा आहे. तिथं गुन्हा हा पिढीजात व्यवसाय आहे, त्याला कारभारी आहे, वारसा आहे, लग्नकार्य आहे.

पुणे (मोडी वाचणारी)

गुन्हेगारी हा शब्द आला म्हणून राहवलं नाही. आज आपण त्याचा अर्थ गुन्हे करण्याची वृत्ती किंवा व्यवहार असा घेतो. मराठेशाहीच्या न्यायाच्या कागदांत गुन्हेगारी म्हणजे चक्क रक्कम. वाद निवडल्यावर जिंकणाऱ्याकडून सरकार घेई ती हरकी, आणि हरणाऱ्याकडून घेई ती गुन्हेगारी, म्हणजे दंड. तो सरकारी जमेत धरला जाई. गुन्हा हा हिशेबाच्या वहीत बसणारा विषय आहे, ही समज या शब्दाच्या पोटात होती.

‘गॉडफादर’ची सुरुवात आठवा. मुलीवर हात टाकणाऱ्यांना कोर्टाने शिक्षा स्थगित करून सोडलं म्हणून बाप डॉनकडे न्याय मागायला येतो आणि किती पैसे देऊ असं विचारतो. डॉनला राग येतो तो त्याचाच, कारण त्याच्या वहीत पैशाची नाही, उपकारांची नोंद असते. सातारच्या ताई, तुमचा ‘गुन्हेगारीपट’ या जुन्या अर्थानेही टिकतो.

डोंबिवली

आता मलाही बोलावंसं वाटतंय. ‘गॉडफादर’मध्ये ‘माफिया’ हा शब्द एकदाही येत नाही, हे शब्दचर्चेत नोंदवायलाच हवं. इटालियन-अमेरिकन लोकांच्या एका नागरी हक्क संघटनेच्या दबावामुळे निर्मात्यांनी तो पटकथेतून काढला. आणि त्याने चित्रपटाचं भलंच झालं असं माझं मत. शब्द काढल्यावर उरलं ते ‘फॅमिली’. पत्रकात ‘माफिया कुटुंबाची कथा’ असं लिहिलंत तर निर्मात्यांनी गाळलेला शब्द तुम्ही परत घालाल. मी ‘घराणं’ लिहीन. आपल्याकडे घराण्यात रक्त असतं, गादी असते, शिस्त असते, आणि बाहेरच्याला आत घ्यायचे नियमही असतात.

गिरगाव

मुंबईची भर घालते. माझं माहेर चाळीतलं, शेजारी बँडवाले होते. त्यांच्या घरी ‘सुपारी आली’ म्हणजे लग्नाचं काम मिळालं. तमाशाच्या फडालाही सुपारीच देतात. विडा-सुपारी देऊन काम पक्कं करायचं आणि घेतल्यावर मोडायचं नाही, हा त्यातला शब्द. तोच मुंबईच्या टोळ्यांनी उचलला आणि आता ‘सुपारी’ म्हटलं की खूनच डोळ्यांपुढे येतो. ‘सत्या’नंतरच्या (१९९८) चित्रपटांनी तो देशभर नेला. बँडवाले काका हल्ली ‘ऑर्डर’ म्हणतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

‘चकमक’चं उलटं झालं. चकमक म्हणजे गारगोटीवर ठिणगी पाडायचा पोलादाचा तुकडा. त्यावरून दोन बाजूंची झटापट. ठिणगीला घासणारे दोघे लागतात. वर्तमानपत्रं ‘चकमकफेम अधिकारी’ छापतात, पण मुंबईत बोलताना माणूस ‘एन्काउंटर’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की दुसऱ्या बाजूने गोळी झाडली गेली की नाही हाच प्रश्न आहे. परीक्षण लिहिणाऱ्याने या दोन शब्दांतला कोणता निवडला, यावरून त्याने पडद्यावरच्या पोलिसावर किती विश्वास ठेवला ते समजतं.

कोल्हापूर

नोआरला, म्हणजे ‘फिल्म नोआर’ म्हणतात त्या काळोख्या अमेरिकन गुन्हेपटांच्या प्रकाराला, काय लिहिणार आहात? ‘व्हर्टिगो’ रंगीत आहे, पण त्याची मुळं तिकडे जातात. १९४६ साली युद्धानंतर पॅरिसमध्ये अमेरिकन चित्रपट एकदम येऊन पोचले, ‘द माल्टीज फाल्कन’, ‘डबल इन्डेम्निटी’, ‘लॉरा’ वगैरे, आणि समीक्षक नीनो फ्रँक यांनी त्यांना हे नाव लावलं. त्याच्या आदल्याच वर्षी गालिमार प्रकाशनाने ‘सेरी नोआर’ ही रहस्यकादंबऱ्यांची माला सुरू केली होती. नोआर म्हणजे काळा. मी एकदा ‘कृष्णपट’ लिहून पाहिलं. वाचणाऱ्याने विचारलं, फाळक्यांचा ‘श्रीकृष्णजन्म’ का? मराठीत कृष्णधवल चालतं, पण नुसतं कृष्ण म्हटलं की देव येतो.

सातारा

मग नोआरच ठेवते, शेजारी एक ओळ खुलाशाची. जो शब्द अमेरिकन चित्रपटांनाही फ्रेंचांनी दिला, तो आपण तसाच घेण्यात कमीपणा नाही.

आता ‘सर्वश्रेष्ठ’. एका सदस्याचं म्हणणं, श्रेष्ठ म्हणजेच सर्वांत चांगला, मग त्याला पुन्हा ‘सर्व’ कशाला?

पुणे (मोडी वाचणारी)

संस्कृतात बरोबर आहे. श्रेयस् म्हणजे अधिक चांगला, श्रेष्ठ म्हणजे सर्वांत चांगला. पण मराठीत श्रेष्ठचं टोक बोथट झालंय. ‘श्रेष्ठ कवी’ एका वेळी दहा असू शकतात. पक्षश्रेष्ठी तर बहुवचनातच असतात. म्हणून ‘सर्व’ लावावं लागतं. सर्वोत्कृष्टला मात्र स्पर्धेचा वास आहे, ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ म्हटलं की एका वर्षाचं पारितोषिक. ‘सर्वश्रेष्ठ’ऐवजी कुणी ‘सार्वकालिक’ सुचवेल, तर माझी खरी हरकत त्यावर आहे. पुढच्या काळाबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ‘आजवरचा’ म्हणा.

नागपूर (निवृत्त वकील)

‘आजवरचा’ला माझा पाठिंबा, आणि पुरावाही आहे. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं घेतं. १९५२मध्ये पहिला ‘बायसिकल थीव्ह्ज’. नंतर १९६२ ते २००२ सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’. २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’. २०२२मध्ये शांताल अकेरमन यांचा ‘जान डीलमन’. पन्नास वर्षांची गादीसुद्धा गेली.

पण या यादीत मला दुसरंच दिसतं. ‘बायसिकल थीव्ह्ज’ चोरीने सुरू होतो आणि चोरीपाशीच येऊन थांबतो. ‘व्हर्टिगो’त खून. ‘जान डीलमन’मध्ये ब्रुसेल्समधल्या एका विधवेची तीन दिवसांची घरकामं आपण तीन तासांहून अधिक वेळ पाहतो आणि शेवटी खून होतो. चारांपैकी तीन अव्वल चित्रपटांत दंड संहितेची कलमं लागतील. तरी बायसिकलवाल्या बापाला कुणी गुन्हेपटाचा नायक म्हणत नाही. त्याने स्वतः सायकल उचलली, पकडला गेला, मालकाने सोडून दिलं. गुन्हा दाखल झालाच नाही. पण मुलाने पाहिलं. तिथून पुढे जे आहे ते अपराध.

सातारा

काका, हे मी तुमच्या परवानगीने पत्रकात घेते. आणि समितीला पाचवा चित्रपट सुचवते, आपला ‘कोर्ट’ (२०१४). तिथं याच्या नेमकं उलट आहे. लोकशाहिरावर गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल आहे, तारखा पडतायत, कागद जाड होतोय, आणि अपराध कुठेच सापडत नाही.

मालिकेचं नाव आता ‘गुन्हा, गुन्हेगार, गुन्हेगारी, अपराध : आजवरचे चार मोठे चित्रपट’. लांब आहे, पण यातला एकही शब्द काढवत नाही. समितीने पाचवा मान्य केला तर ‘पाच’ करीन.

एक शेवटची अडचण. ‘एम’मध्ये आंधळा फुगेवाला शिट्टीवरून माणूस ओळखतो आणि एक पोरगा तळहातावर खडूने एम काढून त्याच्या कोटाच्या खांद्यावर उमटवतो. एम म्हणजे जर्मन ‘म्योर्डर’. पत्रकात अर्थ ‘खुनी’ देऊ का?

गिरगाव

‘मारेकरी’ द्या ना! अक्षरही जुळतं, म.

नागपूर (निवृत्त वकील)

अक्षर जुळतं, अर्थ नाही. मारेकरी दुसऱ्याने धाडलेला असतो. मारेकरी घातले, असं आपण म्हणतो. हा माणूस लहान मुलींना मारतो ते कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. उलट त्याला पकडून खटला चालवतात ते धंदेवाईक चोर-दरोडेखोर, कारण त्याच्यामुळे पोलिसांचे छापे वाढले आणि त्यांचा धंदा बसला. तुमच्याच भाषेत, गुन्हेगारीने गुन्हेगारावर चालवलेला खटला.

सातारा

हो, पण त्या खटल्यात तो काय सांगतो ते काल पुन्हा पाहिलं. रस्त्याने जाताना कोणीतरी सतत मागे लागलेलं असतं, ते आपण स्वतःच असतो आणि त्यापासून पळता येत नाही, असं तो ओरडून सांगतो. ते ऐकल्यावर मला ‘खुनी’ कमी पडतोय. ‘मारेकरी’ लिहिते, आणि कोणी धाडला ते चित्रपट संपल्यावर बोलू.