मदत हवी आहे: गरीला लागलेला पाकट आणि शिंगाळा फेकावा लागू नये म्हणून काय करावं?

देवगडच्या खाडीत गरवताना तांबोशी माशापेक्षा मिशाळ शिंगाळा आणि ताटाएवढा चपटा, लांब शेपटीचा पाकटच जास्त लागतो. बहुतेक जण दोन्ही खडकावर मरायला टाकून देतात, ते बघवत नाही. शिंगाळ्याचा बुळबुळीतपणा जात नाही आणि पाकट शिजायला ठेवला की नाकात झोंबणारा वास सुटतो. मासा चुलीवर जाईपर्यंत तीन-चार तास होतात, बर्फ नसतो. लिंबू लावून रात्रभर ठेवलं तरी फरक नाही. कुठे चुकतंय?

खाडीकाठ:
चूक त्या तीन-चार तासांत आहे. पाकटाच्या रक्तामांसात युरिया असतो. मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि उन्हात ते फार झपाट्याने होतं. म्हणून बर्फ न्यायलाच हवा. पाकट लागला की आधी डोक्यावर दांडक्याचा फटका, मग शेपटी मुळापासून तोडा. विषारी काटा शेपटीवरच असतो आणि मेलेल्या माशाचाही लागतो, तेव्हा ती वाटेत टाकू नका, वाळूत खोल पुरा. लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्या, पोट साफ करा आणि बर्फात ठेवा.

घरी दोन्ही पंख मधल्या धडापासून कापून घ्या. उकळतं पाणी वीस-तीस सेकंद ओतलं की बुळबुळ पांढरी होऊन सुरीच्या पाठीने खरवडता येते आणि कातडी पकडीने सोलवटते. एक लिटर गार पाण्यात दोन मोठे चमचे मीठ आणि दोन लिंबांचा रस घालून त्यात पंख अर्धा तास ठेवा, मध्ये पाणी एकदा बदला. रात्रभर नको, आंबटाने मांस खडूसारखं भुसभुशीत होतं. कच्च्यालाच अमोनियाचा वास येत असेल तर तो खाऊ नका, धुऊन तो सुधारत नाही.

तिरफळ:
शिजवायचं असं: पंख हळद-मिठाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं उकडा. मधल्या कुर्च्यांच्या पात्यावरून मांस दोन्ही बाजूंनी दोऱ्यांसारखं सुटतं. अर्धा किलोला दोन कांदे परता, अर्धी वाटी भाजलेलं खोबरं, सहा बेडगी मिरच्या, एक चमचा धणे आणि आठ लसूण पाकळ्यांचं वाटण घाला. बिया काढून ठेचलेली पाच तिरफळं, चार आमसुलं. सगळं मंद आचेवर कोरडं होऊ द्या. पाणी राहिलं तर चव पातळ लागते, हे सुकंच करायचं.

खाडीकाठ:
शिंगाळ्याचं वेगळं. पाठीवरचा एक आणि कल्ल्यामागचे दोन काटे ताठ अडकून राहतात, ते आधी पकडीने तोडा. मूठभर जाडं मीठ चोळून बुळबुळ काढा, दोनदा धुवा. पोटातली पिवळी चरबी आणि बाजूचं काळपट-लाल मांस काढून टाका, उग्र वास त्यातच असतो. उरतं ते पांढरं, कमी काट्यांचं मांस, तिखल्याला (मालवणी तिखट कालवणाला) उत्तम.

काटा लागलाच तर जखम सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. विष उष्णतेने निकामी होतं. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासा, कारण बधिर जागा भाजलेली कळत नाही. मग डॉक्टरकडे जा. काट्याचा तुकडा आत राहू शकतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. छातीत किंवा पोटात लागला असेल तर काटा उपटू नका, गरम पाण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

धागाकर्ता:
आभारी आहे. यातलं काही सोडूनच द्यावं असं आहे का?

तिरफळ:
आहे. फुगणारा केंड मासा कधीच खाऊ नका, त्याचं विष शिजवून जात नाही. करवतीसारखी सोंड असलेला मासा आणि पाठभर काटे असलेला पाकट कायद्याने संरक्षित आहेत. आणि शिंगाळ्याचं तोंड उघडून बघा. नर गोट्यांएवढी अंडी तोंडात सांभाळतो, तेवढे दिवस खातही नाही. तसा एखादा जाळ्यात सापडला तर तोंड न दाबता, पाण्याजवळ धरूनच सोडा.