त्रुटी की चूक? मापनातल्या एका शब्दाबद्दल

मापनातल्या 'एरर'ला मराठीत काय म्हणावं? पुतणीला अकरावीचं प्रॅक्टिकल शिकवताना अडले आहे. घरातल्या जुन्या पातळ पुस्तकात सगळा विषय दीड पानात उरकलाय. त्रुटी म्हटलं की तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

*

ताई, 'चूक' नकोच. लंबकाची दोलनं मोजताना घड्याळ सुरू करतानाच 'एक' म्हटलं, तर विसाऐवजी एकोणीसच दोलनं मोजली जातात. ही चूक. पुन्हा नीट मोजलं की जाते. पण बटण दाबताना बोट ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच, ते कितीही काळजी घेतली तरी राहतं.

पुतणीचा गैरसमज मात्र समजण्यासारखा आहे. अर्ज परत येतो तो 'त्रुटीपूर्तता करा' असा शेरा घेऊन. तिथे त्रुटी म्हणजे उणीव. शब्द 'त्रुट्' धातूचा, आपले तुटणे आणि तूट त्याच घरातले. पण मापनातली त्रुटी अधिकही असते आणि उणेही. मला त्या शब्दाचा जुना अर्थ इथे जास्त जवळचा वाटतो : भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत (११५०) त्रुटी हे काळाचं अतिसूक्ष्म माप आहे, निमेषाचा (पापणी लवायला लागणाऱ्या वेळेचा) ३००० वा भाग.

ते दीड पान टाकू नका. त्यात बहुधा एवढंच असेल : बेरीज-वजाबाकीत निरपेक्ष त्रुटी (मापाच्याच एककातल्या) एकमेकींत मिळवा, गुणाकार-भागाकारात सापेक्ष (मापाच्या टक्क्यांतल्या), घात असेल तर घाताने गुणा. पुस्तक पुढे बोलत नाही, म्हणून आकडे आपल्यालाच घालून बघावे लागतात. लंबकावरून गुरुत्वत्वरण g काढायचं, सूत्र g = ४π² × लांबी ÷ (एका दोलनाचा काळ)². लंबकाची लांबी १००.० ± ०.१ सेंमी, २० दोलनांना ४०.२ ± ०.२ सेकंद. लांबीची त्रुटी ०.१ टक्का. काळाची ०.५, पण सूत्रात काळाचा वर्ग, म्हणून १.०. एकूण १.१ टक्के. म्हणजे g = ९.८ ± ०.१ मी/से². आता तिला विचारा, मीटरपट्टी आणखी बारीक घेऊ की दोलनं ५० मोजू? ती आपणहून ५० म्हणेल.

*

मग सरळ 'अनिश्चितता' का म्हणू नये?

*

± च्या पुढच्या आकड्याला म्हणावंच. जुनी पुस्तकं दोन्हींना एकच शब्द वापरत. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मापन-मार्गदर्शिकेने ते वेगळे काढले : मोजलेली किंमत वजा खरी किंमत ती त्रुटी, आणि खरी किंमत ज्या पट्ट्यात असावी त्याची रुंदी सांगते ती अनिश्चितता.

पण 'शून्य त्रुटी'ला हात लावू नका. स्क्रू गेज (तारेसारख्या वस्तूची जाडी मोजायचं उपकरण) पूर्ण मिटल्यावर +०.०३ मिमी दाखवत असेल, तर त्यात अनिश्चित असं फारसं काही नाही. तार १.२४ दाखवते, ०.०३ वजा करा, १.२१ लिहा.