मदत हवी आहे: घरातच वाढलेलं मांजर परवा संध्याकाळपासून सापडत नाहीये (पुणे, सिंहगड रस्ता)

अनुस्वार

भाचीचा दहावीचा निकाल लागला (९४ टक्के!), त्यामुळे परवा संध्याकाळभर पेढे, अभिनंदन, माणसांची ये-जा. त्या गडबडीत दार उघडं राहिलं आणि आमची गुंडी बाहेर पडली. रात्री जेवणं झाल्यावर लक्षात आलं.

वय तीन वर्षं, मादी, नसबंदी झालेली. अंगावर करडे पट्टे, पोट आणि चारही पंजे पांढरे. (इथे एक खास खूण लिहिली होती, खालच्या सूचनेनंतर काढली.) डॉक्टरकडे नेणं सोडलं तर घराबाहेर कधी गेलेली नाही. गळ्यात पट्टा नाही, चिप नाही. घर चौथ्या मजल्यावर, सात मजली दोन विंग, खाली पार्किंग, मागे मोकळा प्लॉट. घरात अजून एक बोका आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलाय, वॉचमनना सांगितलंय, हाका मारत आजूबाजूच्या गल्ल्या फिरून झाल्यात. काल रात्री वळवाचा पाऊस आणि गडगडाट होता, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. शेजारी म्हणतात, भूक लागली की येईल आपोआप. वाट बघावी का? आणि ती किती लांब गेली असेल? जाणकारांनी कृपया सांगावं.

रात्रपाळी

वाट बघत बसू नका, पण गल्ल्या पालथ्या घालणंही आता थांबवा. कधीच बाहेर न गेलेलं मांजर बाहेर पडलं की पळत सुटत नाही. पहिली आडोशाची जागा दिसली की आत घुसतं आणि गप्प बसतं. मालकाचा आवाज ऐकूनही ओ देत नाही, कारण म्यांव केलं की आपला ठावठिकाणा कळतो एवढंच त्या क्षणी त्याला कळत असतं. तुम्ही ज्या गाडीशेजारी उभे राहून हाका मारल्यात तिच्याच खाली ती असू शकते. २०१८ साली हरवलेल्या मांजरांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात सापडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती. बाहेर हिंडणारी मांजरंही त्यात आली. नुसत्या घरातल्या मांजराचा शोध याहून बराच जवळ सुरू करायचा.

म्हणून क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी स्वतःचं घर. हसू नका, दिवाणाचा बॉक्स, माळा, वॉशिंग मशीनचा ड्रम, फ्रिजची मागची बाजू, सोफ्याच्या खालचं कापड फाटलं असेल तर त्याच्या आत. पाहुण्यांच्या गोंगाटाला घाबरून घरातच दडलेली मांजरं लोक दोन-दोन दिवस बाहेर शोधतात.

मग जिना, दोन्ही दिशांना. घाबरलेलं मांजर वरही जातं आणि गच्चीचं दार नंतर कोणी लावून घेतलं की अडकतं. लिफ्टची मशीन रूम, पाण्याच्या टाक्यांमधली फट, मीटर रूम, पंप हाउस, जिन्याखालची अडगळ. त्यानंतर पार्किंग. झाकलेल्या, महिनोन्‌महिने न हललेल्या गाड्या आधी बघा. बॉनेटवर थाप मारून थांबा आणि कान द्या. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी निघणाऱ्यांना बॉनेट वाजवूनच गाडी सुरू करायला सांगा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

आणि हे सगळं रात्री एक ते चारच्या दरम्यान पुन्हा करा. दिवसा दिसणार नाही.

ताकपिठलं

वरच्याला जोड. टॉर्च हातात कमरेपाशी धरलात तर उपयोग शून्य. कानशिलाजवळ, आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरा. मांजराच्या बुबुळामागचा चकाकता पडदा उजेड आला त्याच दिशेला परत फेकतो, म्हणून डोळा आणि टॉर्च एका रेषेत असेल तरच ते दोन हिरवट-पिवळे ठिपके दिसतात. गाडीखाली बघताना अक्षरशः जमिनीला गाल लावावा लागतो. ठिपके दिसले की पुढे जाऊ नका. तिथेच खाली बसा, नजर दुसरीकडे वळवा, हळू आवाजात नेहमीचं बोला, खाऊचा डबा एकदाच वाजवा. मांजर सात-आठ फुटांवर असताना झडप घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मग ते खरोखर लांब जातं.

दोनच माणसं जा. भाचीच्या मैत्रिणींची पलटण नको.

डक्ट तपासा. बाथरूमच्या मागच्या पाइपांच्या पोकळीत मांजर चौथ्या मजल्यावरून उतरत जातं आणि तळाशी अडकतं. प्रत्येक मजल्याच्या बाथरूमच्या खिडकीतून खाली उजेड टाका. तिथे असेल आणि काढता येत नसेल तर अग्निशमन दल, १०१. स्वतः पाइप धरून उतरू नका.

गॅलरीला जाळी आहे का? नसेल तर ती दारातून नाही, वरून खाली गेली असण्याचीही शक्यता धरा. गॅलरीच्या बरोबर खालचे छज्जे, एसीची बाहेरची युनिटं, तळमजल्याच्या कुंपणातली झुडपं बघा. पडलेलं मांजर दुखापतीमुळे तिथून फार हलत नाही.

सातबारा

अनुस्वार, आधी तुमच्या पोस्टमधली ती खास खूण काढा, आत्ताच. हरवल्याच्या जाहिरातीत एक खूण नेहमी राखून ठेवायची. "तुमचं मांजर माझ्याकडे आहे, रिक्षाचे पैसे आधी पाठवा" असा फोन आला की ती खूण विचारायची आणि लाइव्ह व्हिडिओ मागायचा. फोटो चालणार नाही, तुमचाच फोटो परत पाठवतात. ओटीपी, क्यूआर कोड, "एक रुपया पाठवून बघा", काही असलं तरी फोन ठेवून द्या. बक्षीस जाहीर करायचं तर "योग्य बक्षीस" एवढंच लिहा, रक्कम नको. आकडा बघून पोरंटोरं मांजराचा पाठलाग करतात.

ग्रुपवरचा मजकूर छोटा हवा. भावनिक परिच्छेद लोक वाचत नाहीत. असा टाका:

"करडी पट्टेरी मांजर, पंजे पांढरे. अमुक सोसायटी, बी विंगमधून परवा संध्याकाळी निसटली. घाबरट आहे, पकडायला जाऊ नका. दिसली तर तिथूनच व्हिडिओ काढा आणि लगेच फोन करा, रात्री कधीही. कृपया बंद गॅरेज, गोडाऊन, गच्ची एकदा उघडून बघा."

"पकडायला जाऊ नका" हे वाक्य गाळू नका.

कागदी पत्रकं अजूनही उपयोगी पडतात, कारण रात्री-पहाटे रस्त्यावर असणारी माणसं तुमच्या ग्रुपवर नसतात. ए-४ कागद, अर्ध्याहून जास्त जागेत फोटो, त्यात पांढरे पंजे दिसले पाहिजेत, फोन नंबर सहा फुटांवरून वाचता येईल एवढा. पावसाचे दिवस आहेत, प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि पाकिटाचं तोंड खाली ठेवा, नाहीतर पाणी साचून शाई पसरते. दूधवाला, पेपरवाला, कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई, इस्त्रीवाला, यांना प्रत्यक्ष भेटून फोटो दाखवा.

एक कटू काम आहे, पण करून टाका. जवळच्या आरोग्य कोठीत (पालिकेच्या सफाई कामगारांची हजेरीची जागा) मुकादमांना विचारून ठेवा. रस्त्यावर मेलेलं जनावर दिसलं तर आधी झाडणाऱ्यांनाच कळतं. उत्तर नकारार्थी आलं तर तेवढीच निश्चिंती.

अनुस्वार

खूण काढली. गॅलरीला जाळी आहे, तिकडून नाही गेली. घरात, माळ्यावर सगळं पाहिलं. गच्ची आणि डक्टही. पार्किंगच्या टोकाला पंप हाउसच्या मागे एक फट आहे, तिथे हात किंवा टॉर्च नीट जात नाही. ती तिथे आहे का हे कसं कळणार? एका ओळखीच्यांनी सांगितलं की तिची वापरलेली लिटर (शी-शूच्या ट्रेमधली माती) खाली ठेवा, वासाने येईल.

ताकपिठलं

लिटर नको. वासाने ती येण्याआधी आसपासचे बोके येतील, तिच्या दडायच्या जागेपाशी हद्दीची भांडणं लागतील आणि तिला तिथून हुसकावतील. तिचं अंथरूण किंवा तुमचा न धुतलेला टी-शर्ट ठेवा.

फटीसमोर चाळणीने गव्हाचं पीठ भुरभुरवा, साधारण दोन हात लांबीचा पातळ थर, पावसाची ओल येणार नाही अशा जागी. रांगोळी वापरू नका, मांजर पंजे चाटतं. थराच्या पलीकडे वाटीत उकडलेलं चिकन, मीठ-मसाल्याशिवाय. कांदा-लसणाचा अंशही नको, मांजरांना विषारी असतो. सकाळी ठसे बघा. मांजराचा ठसा गोलसर, चार बोटं, नखांच्या खुणा नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. घुशीचा ठसा बारीक असतो आणि बोटं फाकलेली दिसतात.

ठशांनी "मांजर" कळतं, "आपलं मांजर" नाही. त्यासाठी रात्री दिसणारा वायफाय कॅमेरा, किंवा जुना फोन चार्जिंगला लावून. जमिनीपासून फूटभर उंचीवर, वाटीकडे तिरपा. फार वर लावला तर नुसती पाठ दिसते आणि करडे पट्टे तर निम्म्या पुण्यातल्या मांजरांना आहेत.

अनुस्वार

पीठ आणि कॅमेरा दोन्ही लावले. पहाटे पावणेचारला गुंडीच! पंजे स्पष्ट दिसतायत. खाऊन परत फटीत. मी जवळ गेले तर येतच नाही, फुसकारते. आता पिंजरा? कुठे मिळेल आणि कसा लावायचा?

कडुलिंब

छान, निम्मं काम झालं. फुसकारली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, भीतीत असलेलं मांजर माणूस ओळखण्याच्या अवस्थेत नसतं.

भटक्या मांजरांच्या नसबंदीचं काम करणाऱ्या संस्थांकडे आणि काही पशुवैद्यांकडे पिंजरे असतात, अनामत घेऊन देतात. अडीच ते तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि तेवढाच उंच, आत पाय पडला की दार पडणारा. उंदरांचा मोठा पिंजरा चालवून घेऊ नका, दार शेपटीवर किंवा पाठीवर आपटतं.

लावताना:

तळाच्या जाळीवर वर्तमानपत्र पसरा, मांजराला तारेवर पाय ठेवायला आवडत नाही. कागद आतल्या पत्र्याच्या पट्टीखाली दुमडला जाऊ देऊ नका, मग पट्टी दबतच नाही आणि मांजर आरामात खाऊन जातं. सगळ्यात जास्त फसतं ते इथेच. पिंजरा सपाट जागी ठेवा, डुगडुगला की संपलं. वरून आणि बाजूंनी जुनी चादर, तोंड मोकळं.

पहिल्या रात्री दार सुतळीने वर बांधून ठेवा आणि आतच खायला द्या. बिनधास्त आत-बाहेर करतेय असं कॅमेऱ्यात दिसलं की दुसऱ्या रात्री सुतळी सोडा. त्या दिवशी संध्याकाळचं खाणं बंद, पाणी चालू. खाऊ पट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या भिंतीला, म्हणजे पट्टीवर पाय दिल्याशिवाय तोंड पोचणार नाही. उकडलेला बांगडा उत्तम, वास दूर जातो. तोंडापासून आतपर्यंत माशाच्या पाण्याचे चार थेंब सांडा. ढीग नको, चमचाभर पुरे. लावण्याआधी काठीने पट्टी दाबून दार पडतंय ना ते दोन-तीनदा बघा.

सोसायटीतल्या इतर मांजरांना त्या रात्री दुसऱ्या टोकाला पोटभर खायला घाला, नाहीतर तीच आधी अडकतील. अडकलंच दुसरं तर सोडून द्या आणि पुन्हा लावा. कान टोकाला कापलेला दिसला तर ते नसबंदी झालेलं मोकळं मांजर.

पिंजरा लावून झोपायला जायचं नाही. लांबून, पण आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर थांबा. रात्रभर अडकून पडलेलं मांजर जाळीवर तोंड घासून नाक आणि दात जखमी करून घेतं. दार पडलं की चादर पूर्ण ओढा, अंधारात शांत होते. आणि कितीही मोह झाला तरी तिथे उघडून कुशीत घेऊ नका! तसाच उचलून घरी, बाथरूममध्ये, कमोडचं झाकण बंद, खिडकी बंद, दार बंद, मग पिंजरा उघडा.

चावली किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. घरचं मांजर असलं तरी ती आता बाहेरच्यांच्या संपर्कात होती.

अनुस्वार

पिंजरा मिळाला, आज रात्री बांधून ठेवतोय. घरी आणल्यावर पुढे काय करायचं? बोका तिची वाट बघतोय, त्याला लगेच भेटू द्यायचं का?

ताकपिठलं

लगेच नाही. बाहेरच्या वासाने ती त्याला परकी वाटेल, सख्खी भावंडंसुद्धा अशा वेळी भांडतात. दोन-तीन दिवस वेगळी खोली. एक टॉवेल तिच्या गालाला पुसून त्याच्या अंथरुणात, त्याचा तिच्याकडे. दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या वाट्या. फुसकारणं थांबलं की दार उघडा.

पहिलं खाणं थोडं, दोन-तीन चमचे, ओलं, दर तीन-चार तासांनी. दूध देऊ नका, बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही आणि जुलाब झाले तर आधीच कमी असलेलं पाणी अजून कमी होतं. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा, सावकाश बसली तर सलाइनची गरज आहे असं समजा. मांजर दोन-तीन दिवस नीट जेवलं नाही तर यकृतात चरबी साठू लागते, म्हणून हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळी वाटली, अथवा घरी आल्यावरही २४ तासांत तोंड लावलं नाही, तर थांबू नका.

एरवीसुद्धा दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेऊन चावल्याच्या खुणा बघून घ्या. त्या केसांखाली झाकल्या जातात आणि चार दिवसांनी गळू होऊन वर येतात. लशींची तारीख तपासा. तेव्हाच चिप बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मध्ये टोचतात, १५ आकडी क्रमांक. तिच्यात जीपीएस नसतं, स्कॅनरखाली धरल्यावर क्रमांक दिसतो एवढंच, म्हणून क्रमांकाची नोंदणी आणि त्यात चालू फोन नंबर, दोन्ही हवं. सोबत ओढ बसली की सुटणाऱ्या बकलचा पट्टा.

दोन गोष्टी घरात कोणीही करायच्या नाहीत. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल द्यायचं नाही, पाव गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आणि पिसवा दिसल्या म्हणून कुत्र्याचं मानेवर सोडायचं औषध लावायचं नाही. त्यात बऱ्याचदा पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात. डब्यावर मांजराचं चित्र आणि वजनाचा गट दोन्ही बघून घ्या.

सातबारा

आणि सापडली की ग्रुपवर लगेच कळवा, पत्रकं काढून टाका. नाहीतर महिनाभर फोन येत राहतात.