योगवर्गातला ॐकार, श्वासाबरोबरचं नामस्मरण आणि ख्रिस्ती प्रार्थना: नेमकं कसं करावं?

चाफेकळी
सोसायटीतल्या योगवर्गाची सुरुवात तीन ॐकारांनी होते, मग मंत्रांसह सूर्यनमस्कार. आसनं आणि प्राणायाम हवे आहेत, मंत्र नकोत. वर्गात काय करावं? घरी प्रार्थनेआधी शांत बसलं की दहा मिनिटांत पायाला मुंग्या, डोळ्यांवर झापड आणि मनात उद्याच्या डब्याची भाजी. शिवाय प्रभूचं नाव श्वासागणिक घेणं ही प्रार्थना, की बायबलमधल्या मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड?

तिसरा_बाक
मुंग्यांचं आधी. गुडघे कमरेपेक्षा वर राहिले की पाठ मागे ढळते, भार मांड्यांच्या मागच्या बाजूवर येतो आणि तिथली नस दबते. चादरीची तीन-चार इंच उंच घडी करून फक्त बैठकीखाली घ्या, मांड्यांखाली नको. तरी जमेना तर सरळ खुर्ची घ्या, पाठ टेकू नका, तळवे पूर्ण जमिनीवर. पतंजलींची आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ एवढीच आहे. मांडी घातलीच पाहिजे असं तिथे कुठे नाही.

झापड येते ती बहुधा जेवणानंतर लगेच बसल्याने किंवा शवासनातच प्रार्थना सुरू केल्याने. जेवणानंतर तीन तास जाऊ द्या. ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंधासन मिळून आठ मिनिटं, शवासन दोनच मिनिटं, मग उठून बसा.

श्वास नाकाने, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. म्हणजे मिनिटाला सहाएक श्वास. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती किंचित उतरते. शांत वाटण्यात याचा मोठा वाटा असतो. चक्कर किंवा ओठांभोवती झिणझिण्या आल्या तर तुम्ही जोर लावून खूप हवा घेताय, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालाय. मोजणं सोडा, श्वास आपल्या चालीने येऊ द्या. रक्तदाब, हर्निया, गर्भारपण यांत कपालभाती नको, श्वास कोंडून धरणंही नको. नाक चोंदलं असेल त्या दिवशी अनुलोम-विलोमाला सुट्टी.

जुनी_वही
बडबडीबद्दल. त्या वचनात येशूचा रोख, फार बोललं की देव ऐकतो या समजुतीवर आहे. एकच ओळ मन लावून पुन्हा म्हणणं त्यात मोडत नाही. गेथशेमाने बागेत, अटकेआधी, त्याने स्वतः तेच शब्द पुन्हा उच्चारले (मत्तय २६:४४). पाचव्या शतकात जॉन कॅशियन या ख्रिस्ती संन्याशाने मठवासीयांसाठी ७०व्या स्तोत्राची पहिली ओळ सतत म्हणण्याची रीत लिहून ठेवली. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियसने सांगितलेली तिसरी प्रार्थनापद्धती तर अशी: एका श्वासाला प्रभूच्या प्रार्थनेतला (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या…’) एक शब्द, आणि पुढचा श्वास येईपर्यंत त्या शब्दाच्या अर्थावर लक्ष. मराठीत ‘पित्या’ या एका शब्दावर किती वेळ थांबता येतं ते करून बघा.

नवशिक्यांची चूक होते ती ओळ निवडताना. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही पूर्ण ओळ एका श्वासात कोंबली की दम लागतो. त्याऐवजी श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. बोलताना पहिल्या तुकड्यात चार ठोके पडतात, दुसऱ्यात सहा. वर सांगितलेलं माप आपोआप जुळतं, आकडे मोजावे लागत नाहीत. दहा मिनिटं पुरे. भाजी आठवली तर तिच्याशी भांडू नका, पुढच्या श्वासाला नावावर परत या. पन्नास वेळा भरकटलं तर पन्नास वेळा परत.

कॅथलिकांसाठी: व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धान्त मंडळाचं १५ ऑक्टोबर १९८९ चं पत्र योग, झेन (बौद्ध ध्यानपद्धती) यांची नावं घेतं. पत्रात सरसकट बंदी नाही. शरीराची ठेवण आणि श्वास प्रार्थनेला मदत करू शकतात हे ते मानतं, पण शरीराला मिळालेली स्वस्थता म्हणजेच पवित्र आत्म्याने दिलेलं सांत्वन असं समजू नये, असं बजावतं. मला हीच ओळ सर्वांत कामाची वाटते. छान वाटलं म्हणजे प्रार्थना झाली असं नाही, आणि कोरडं गेलं म्हणजे फुकट गेलं असंही नाही.

माडाखालचा
थोडी भर घालतो. लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम ही योगसंस्था आहे, तिथेच जेझुइट फादर अँथनी डी मेलो यांची साधना संस्थाही होती. म्हणून काही ‘सगळं एकच’ होत नाही. डी मेलोंच्या लिखाणातल्या काही मतांवर रोमने १९९८ मध्ये आक्षेप घेतलेच. आमच्यासारख्या प्रोटेस्टंट घरांत तर अनेकांना ‘योग’ हा शब्दच अडतो, आणि त्यांच्यावर जबरदस्ती करण्यात अर्थ नाही. त्यांनी व्यायाम म्हणावं, बायबलमधलं स्तोत्र २३ घेऊन बसावं.

वर्गात मात्र लपवाछपवी नको. पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा: ‘सर, ॐकाराच्या वेळी मी डोळे मिटून गप्प बसेन, चालेल ना?’ बहुतेक जण हो म्हणतात. ‘ॐ मित्राय नमः’ पासूनचे बारा मंत्र ही सूर्याची नावं आहेत, ती उच्चारून ‘मनात येशूच होता’ म्हणणं ना त्या मंत्राशी प्रामाणिक, ना आपल्या श्रद्धेशी. बारा स्थिती मात्र मंत्राशिवायही होतात. मन त्यालाही कचरत असेल तर त्या वेळात ताडासन-भुजंगासन करा. पाठीला फारसा फरक पडत नाही.

चाफेकळी
घडी करून पाहिली, मुंग्या नाहीत. पण डोळे मिटले की छातीत धडधड वाढते, ते का?

तिसरा_बाक
काळजीत असलेल्यांना डोळे मिटल्यावर आतलं सगळं मोठ्याने ऐकू येतं. डोळे अर्धे उघडे, नजर तीन-चार फुटांवर जमिनीकडे, वेळ दहाऐवजी तीन मिनिटं, आणि ओळ मनात न घेता ओठांनी पुटपुटा. आठवडाभर तसं करा. तरी धडधड राहिली, किंवा एरवीही झोप उडत असेल, तर बैठक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.