‘2125 लिहायचं आणि झोपायचं’ म्हणे!

आबा_उत्तरेकडचा:
परवा नोकऱ्यांच्या गप्पांत एका दुबईकराने लिहिलं, “विलायतेत अणुकेंद्रं मोडीत काढायच्या साइटवर प्रोजेक्ट कंट्रोलची (वेळापत्रक आणि खर्च सांभाळायची) नोकरी म्हणजे जिवंतपणी पेन्शन. शेवटची तारीख 2125. पी-सिक्स या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये कामाची पट्टी ओढायची आणि झोपायचं.” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तीन दिवस गप्प बसलो. आज रविवार, बाहेर पाऊस, म्हणून लिहितोच.

मी अशाच एका साइटवर सात वर्षं प्लॅनर आहे. कुठल्या ते विचारू नका. इंग्लंडच्या सेलाफील्ड अणुकेंद्राचे आकडे जगजाहीर आहेत, त्यावर बोलू. तिथला मॅग्नॉक्स स्वार्फचा सायलो, म्हणजे अणुइंधनाच्या आवरणांच्या किसाची कोठी, साठच्या दशकातला. पाण्यात बुडवलेला धातूचा कीस, त्यातून सुटणारा हायड्रोजन, आणि रोज सुमारे दोन हजार लिटर गळती जमिनीत. उपसायला सुरुवात झाली 2022 ला. तिथे काम एक वर्ष घसरलं की गळतीही एक वर्ष वाढली. तिथलाच दुसरा सायलो धान्याच्या कणगीवरून बेतलेला. वरून टाकायची सोय केली, काढायला दारच नाही! भिंतीला सहा भोकं पाडली, आग लागू नये म्हणून आत आरगॉन वायू भरला, तेव्हा कुठे 2023 ला पहिला कचरा बाहेर आला. अशा कामाचे दिवस कुठल्या कोष्टकात बघायचे, साहेब?

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी एका परांचीला मी पाच दिवस टाकले. बाहेर तेवढेच लागतात. लागले सोळा. फोरमन एक शब्द बोलला नाही, मला आत घेऊन गेला. कपडे बदला, डोसिमीटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) लावा, हातमोज्यांवर हातमोजे, मनगटाला टेप, बाकावर बसून एकेक पाय पलीकडे. येताना सगळं उलटं, वर किरणोत्सर्ग तपासणाऱ्या मॉनिटरमध्ये हातपाय घालून उभं राहायचं. मध्ये चहा प्यायचा तर पुन्हा श्रीगणेशा. आठ तासांच्या पाळीत त्या दिवशी स्पॅनर हातात होता पावणेतीन तास. तेव्हापासून जागा बघितल्याशिवाय मी दिवस टाकत नाही. झोपायचं म्हणे!

दुबई_क्रीक:
तो दुबईकर मीच. परांचीची गोष्ट झकास, पण मुद्द्याला बगल दिलीत. तिथल्याच राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी 2024 ला सांगितलं, सेलाफील्डचा अंदाज 136 अब्ज पौंड, 2019 पेक्षा जवळजवळ 19 टक्के जास्त. यात ‘कंट्रोल’ कुठे दिसला तुम्हाला? आणि तुमचा तो एसपीआय, झालेलं काम भागिले ठरलेलं काम! काम संपलं की तो 1 होतोच, भले वीस वर्षं उशिरा संपो. पहारा, वायुवीजन, तपासण्या हे सगळं लेव्हल ऑफ एफर्ट, म्हणजे नुसतं चालू ठेवायचं काम. दिवस उगवला की काम झाल्याची कमाई जमा. खरं काम ठप्प असलं तरी अहवाल हिरवागार. आमच्याकडे गॅस प्लांट दुरुस्तीला बंद ठेवतात, त्या शटडाउनला सहा तास चुकले तर घरी पाठवतात.

मीनल_आर:
एसपीआयचं खरं आहे. म्हणूनच मी लेव्हल ऑफ एफर्ट वगळून आकडा काढते. वरचे लोक मात्र एकत्रच मागतात, तो दिसायला बरा. पण शटडाउनमध्ये पाइप कुठून कुठे जातो ते ड्रॉइंगवर असतं हो. माझ्या रिस्क रजिस्टरची, म्हणजे धोक्यांच्या यादीची, पहिली ओळच ‘ड्रॉइंग जागेशी जुळत नाही’.

आबा, तुम्हाला एक विचारते. सोळाचा चटका बसल्यावर आता किती टाकता? वीस ना? वरचे चार कोणाचे? तुम्ही खिशात दिवस लपवता, मी त्यावर मॉन्टे कार्लो, म्हणजे उशिराच्या शक्यतांचं गणित, चालवते. म्हणजे तीच भीती दोनदा मोजली.

आबा_उत्तरेकडचा:
मीनलताई, लपवले नाहीत तर उरतात का? एकदा बारा दिवसांचा फ्लोट, म्हणजे तारीख न चुकवता उशीर करायची मोकळीक, उघड ठेवला होता. मंगळवारच्या बैठकीत सहा डिझाइनवाल्यांनी उचलले, सहा खरेदीवाल्यांनी. क्रेन यायच्या दिवशी माझ्याकडे शून्य. शिव्या कोणी खाल्ल्या?

मीनल_आर:
शिव्या खायचाच पगार आहे तुमचा. फ्लोट प्रकल्पाचा असतो, तुमच्या तीर्थरूपांचा नाही.

आबा_उत्तरेकडचा:
वडिलांवर जायचं कारण नव्हतं.

दुबई_क्रीक:
करारात वेगळं लिहिलं नसेल तर जो आधी वापरेल त्याचा फ्लोट. आम्ही यावर वकील पोसलेत.

तारापूर_निवृत्त:
फ्लोट फ्लोट काय लावलंय? आपल्या घरचं बघा आधी. तारापूरची पहिली दोन युनिटं 1969 ची. मोडायचं राहिलं बाजूला, दुरुस्त करून आयुष्य वाढवायला काढलं. राजस्थानातल्या रावतभाट्याचं पहिलं युनिट 2004 पासून बंद. मोडणीसाठी विजेच्या युनिटमागे 2 पैसे बाजूला काढतात. 2 पैसे! त्यात कोणाची परांची बांधणार?

दुबई_क्रीक:
काका, वेगळा धागा काढा की.

तारापूर_निवृत्त:
काढला होता. दोन प्रतिसाद आले, त्यातला एक माझाच. आणि मला वेळापत्रक शिकवू नका, बार चार्ट पेन्सिलीने ग्राफपेपरवर काढलेत मी. साहेब तो भिंतीवर लावायचे आणि तारीख मुकादमाला विचारायचे. मुकादमाची तारीख माझ्या चार्टपेक्षा बरी निघायची, हे आता सांगायला हरकत नाही.

मीनल_आर:
काका, इच्छा नव्हती, पण पटलं.

आबा_उत्तरेकडचा:
मी पहिल्यापासून दुसरं काय सांगतोय? फोरमनला विचारा!

मीनल_आर:
तुम्ही फोरमनला विचारता आणि वर स्वतःचे चार टाकता. फरक आहे.

दुबई_क्रीक:
बरं बाबा, आबा झोपत नाहीत, मान्य. जागेपणी दिवस चोरतात. निदान त्या चार दिवसांना नाव तरी द्या. ‘वारा’ लिहा. वाऱ्यात क्रेन उभीच राहते ना तुमच्याकडे?

आबा_उत्तरेकडचा:
वारा म्हणूनच आहेत ते. गेल्या जानेवारीत नऊ गेले.

मीनल_आर:
मग रिस्क रजिस्टरला घाला ना उघडपणे!

आबा_उत्तरेकडचा:
मंगळवारची बैठक. वर वाचा.