मुंबईतून सूर्यग्रहण : काय जमलं, काय फसलं, ते लिहा

मुंबईला पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे. वार सोमवार, आषाढ अमावस्या. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास अवस्था सहा मिनिटांहून जास्त टिकेल. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास दिसेल. २०१९, २०२० आणि २०२२ ची ग्रहणं इथून बघितलेली पुष्कळ मंडळी आहेत. आठवणींपेक्षा कृती लिहा: काय वापरलं, मापं किती, कुठे बिघडतं आणि का.

गिरगाव, चाळीची गॅलरी

चाळीत आरशासारखं साधन नाही. तळहातात मावणारा सपाट आरसा घ्या (चेहरा मोठा दाखवणारा चालत नाही). वर काळा कागद चिकटवा आणि मधोमध भोक ठेवा. फायलींच्या पंचिंग मशीनचं भोक पाच-सहा मिलिमीटरचं असतं, ते बरोबर होतं. आरसा गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवून कवडसा खोलीतल्या आतल्या भिंतीवर पाडायचा. दिवे बंद, पडदे ओढलेले.

कवडशाचं माप काढायला आरशापासून भिंतीपर्यंतचं अंतर १०९ ने भागा. १० मीटरवर सूर्य सुमारे ९ सेंटिमीटरचा दिसतो. खोली तीनच मीटरची असेल तर पावणेतीन सेंटिमीटर, आणि मग भोकही ३ मिलिमीटरचं करावं लागतं, नाहीतर कडा पुसट होतात. आरसा भिंतीच्या फार जवळ ठेवला की कवडसा सूर्याचा न राहता भोकाच्या आकाराचा होतो. 'दिसलंच नाही' म्हणणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकलेलं असतं.

आरसा हातात धरू नका, कवडसा नाचतो. पोळपाटावर घट्ट मळलेल्या कणकेचा लाडवाएवढा गोळा ठेवून त्यात आरसा रोवा. हवा तसा कलतो आणि तिथेच राहतो. तासाभरात गोळा तडकू लागतो, म्हणून वरून तेलाचा हात फिरवावा. सूर्य आकाशात आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा दोन मिनिटांत सरकतो, म्हणजे ९ सेंटिमीटरचा कवडसाही दोन मिनिटांत तेवढाच सरकणार. एक माणूस आरशापाशी हवाच. समोरच्या बिऱ्हाडात झोत जाणार नाही, हेही त्यानेच बघायचं.

डोंबिवली, मुलांना दाखवण्यासाठी

बुटांच्या खोक्याचा 'कॅमेरा' सगळीकडे सुचवतात, पण ३० सेंटिमीटरच्या खोक्यात सूर्य जेमतेम ३ मिलिमीटरचा उमटतो. मुलं हिरमुसतात. कापडाच्या दुकानात ताग्याची पुठ्ठ्याची नळी मागून आणा. दीड मीटरच्या नळीत प्रतिमा १४ मिलिमीटरची मिळते, ग्रास स्पष्ट दिसतो. एका तोंडाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल ताणून लावा आणि सुईच्या टोकाने एक भोक पाडा. पुठ्ठ्यालाच भोक पाडलं तर त्याला धागे राहतात आणि कड फाटकी येते. दुसऱ्या तोंडाला पांढरा कागद लावून तिथेच बाजूने बोटभर रुंदीची खिडकी कापा. सूर्याकडे पाठ, नळी खांद्यावर, नजर खिडकीत.

आणखी सोपं हवं असेल तर पुरणाची चाळणी किंवा बुंदीचा झारा. जमिनीपासून मीटरभर वर धरला की खाली डझनभर चंद्रकोरी पडतात. मुलांना हेच सर्वांत आवडतं.

मुलुंड, ग्रहणचष्म्याबद्दल

चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ छापलेलं असतं, पण छापणं कुणालाही जमतं. घरी तपासा. चष्मा लावून खोलीतला ट्यूबलाइट दिसला तर तो चष्मा टाकून द्या. मग अंधारात फिल्ममागे मोबाइलचा टॉर्च धरा; टाचणीच्या टोकाएवढा जरी पांढरा ठिपका चमकला तरी बाद. २०१९ ला घेतलेले चष्मे कपाटात दुमडून पडले असतील, त्यांना घडीवर तडे गेलेले असतात.

लहान मुलांच्या नाकावर तो टिकत नाही. कागदी थाळीला खाच कापून मध्ये चष्मा टेपने बसवा, थाळी तोंडासमोर धरता येते. नंबरचा चष्मा असेल तर ग्रहणचष्मा त्यावरून. मान वळवून मगच काढायचा.

वेल्डिंगची काच १४ नंबरचीच चालते. दुकानात पटकन मिळते ती १०-११ ची, ती नको. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांतलं काहीही नको. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून बघताना बरं वाटतं आणि अंधारी काही तासांनी कळते.

वसई, परातीतल्या पाण्याबद्दल

वरच्या यादीत परातही धरा. घरोघरी अजून हळदीचं नाहीतर शेणाचं पाणी ठेवून ग्रहण बघतात. सूर्य डोक्यावर असला तर पाणी शंभरातले दोनच भाग प्रकाश परत फेकतं, पण चांगला चष्मा लाखातले फार तर तीन भाग आत सोडतो. आणि सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर उतरला की परातीतून जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश डोळ्यात येतो. २०२२ चं ग्रहण मावळतीचंच होतं. आजीला नाही म्हणवत नसेल, तर त्याच पाण्यात आरसा तिरका ठेवा आणि कवडसा छतावर बघायला सांगा.

वरळी, जागा कुठली घ्यावी

२६ डिसेंबर २०१९ ला स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, सकाळी आठच्या सुमारास झाला. तेव्हा सूर्य आग्नेयेला दहा-बारा अंशांवरच होता, इमारतींच्या आड. अशा वेळी उंच गच्ची किंवा पूर्वेला मोकळं मैदान हवं. चंद्राने पहिला घास वरून घेतला, कारण तो सूर्याला पश्चिमेकडून गाठतो आणि सकाळी सूर्याची पश्चिम बाजू वर असते. २१ जून २०२० ला उलट गत. ग्रहणाच्या मध्याच्या वेळी सूर्य जवळपास डोक्यावर, त्यामुळे गॅलऱ्यांत ऊनच नाही आणि आरसे निरुपयोगी. तिथे भोकाचा पुठ्ठा उंच धरून कवडसा जमिनीवर पाडणं हाच मार्ग. २५ ऑक्टोबर २०२२ ला सूर्य ग्रस्त असतानाच समुद्रात बुडाला, म्हणून पश्चिमेचा किनारा. २०२७ लाही सूर्य पश्चिमेकडे असेल.

ठाणे, दुर्बीण

फिल्टर पुढच्या भिंगावरच. आयपीसमध्ये (डोळ्याकडच्या भिंगात) बसवायचा काळा तुकडा उष्णतेने तडकतो आणि डोळा थेट सापडतो. किनाऱ्यावर वारा असतो. फिल्टरला तीन जागी टेप लावा. फाइंडरला (नेम धरायच्या बाजूच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण. ग्रहणचष्मा घालून बायनॉक्युलरला डोळा लावणं सर्वांत वाईट, एकवटलेलं ऊन फिल्म जाळतं.

गिरगाव, पुन्हा

ऑगस्टच्या ढगांचं राहिलं. पातळ ढगातून सूर्य चांदीच्या नाण्यासारखा दिसतो आणि लोक चष्मा काढतात. पुढच्या सेकंदाला फट पडते. चष्म्यातून काही दिसत नसेल तर खाली बघत थांबायचं. ढगात कवडसाही विरतो, पण आरसा हलवू नका. भिंतीवर कागद लावून ठेवा, ऊन आलं की कवडशाची कड पेन्सिलने पटकन गिरवा आणि बाजूला वेळ लिहा. नंतर पट्टीने व्यास आणि झाकलेला भाग मोजा. ९० मिलिमीटरपैकी ३० झाकले असतील तर ग्रास एक तृतीयांश. अशा चार-पाच आकृत्या मिळाल्या तर मध्य कधी झाला तेही कागदावरून काढता येतं.